पूर्वेच्या राजाची प्रजा

त्या दुपारी वैनगंगेच्या काठावर मी घाबरून उभी होते. चूक माझी होती आणि ती अजून कुणाला कळली नव्हती.

वडील जंगलखात्यात होते. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून सुटीला आले होते. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंची मुलगी माझ्याच वयाची. लग्न झालेलं, आता नदीपलीकडे सासरी जायची होती. माझ्या पुस्तकातलं एक चित्र पाहून तिनं विचारलं, म्हणून मी सांगितलं. जुन्या काळी युरोपातले लोक मानत, की पूर्वेला, नद्या आणि अरण्यं ओलांडल्यावर एका धर्मगुरू-राजाचं अफाट राज्य आहे. तिथल्या नदीत रत्नं वाहतात आणि त्याच्या प्रजेत कुत्र्याच्या तोंडाची माणसं आहेत. तो राजा मदतीला येईल म्हणून त्यांनी कित्येक पिढ्या वाट पाहिली. ही दंतकथा आहे, एवढं सांगायचं राहिलं. तिच्या लेखी इंग्रजी पुस्तकात छापलेलं ते खरंच. आणि तिचं सासर पूर्वेला, जंगलातच.

आता डोंगा काठाला लागला होता आणि ती वाळूत बसून रडत होती. "मी नाई जात. तिथी कुत्र्याच्या तोंडाचे मानसं रायतात."

न्यायला आलेली सासू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन वो विहीनबाई, आमी का चावतो का?"

नावाडी हसला. मुलीची आई माझ्या कानाशी पुटपुटली, "आज नाई गेली त थे दुसरी बायको आनतीन, बाई."

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. तरी बोलले, "ते मी सांगितलं. पुस्तकातलं आहे. खोटं आहे."

सासूनं मला खालीवर न्याहाळलं. "खोटं छापते तुमचं पुस्तक? मंग शिकता कायले?" मग सुनेला म्हणाली, "हे सायबाची पोरगी येते आपल्यासंगं. तिले कोनी खाल्लं त तू वापस ये."

मला पोहता येत नव्हतं. डोंगा म्हणजे पोखरलेलं एक लाकूड. पण मी मागे सरले असते, तर ती कधीच उठली नसती. मी बसले. ती मागोमाग चढली आणि तिनं माझं मनगट आवळून धरलं. मधल्या धारेत डोंगा कलला, पाणी आत आलं. मी डोळे मिटले.

"भिऊ नोको," तीच म्हणाली.

पलीकडे उतरून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि सासूच्या मागे चालू लागली. तिला आता माझी सोबत लागत नव्हती; मी डोंग्यातून उतरलेच नाही.