गाडीवर बाळ नको म्हणणारी

ताई पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. अडीच महिने राहिली. त्या दिवसांत तिनं एकच गोष्ट अशी धरून ठेवली, जी घरात कोणालाच पटली नाही. बाळाला मोटरसायकलवरून न्यायचं नाही.

बाकी सगळं तिनं ऐकलं. आईनं रोज अंघोळीनंतर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी दिली, ताई खोकली, पण बोलली नाही. काजळ लावलं, कपाळावर तीट लावली, पायाला काळा दोरा बांधला, तेव्हाही बोलली नाही. मात्र दीड महिन्याची सुई द्यायची वेळ आली आणि चुलत्यांनी अंगणात गाडी चालू करून हाक मारली, तेव्हा ती बाळाला घेऊन उंबऱ्याशीच उभी राहिली.

"काका, मी एसटीनं येते."

"आगं, एसटी कदी यायची? चल बस, दहा मिंटांत पोचवतो."

"त्याला अजून मान धरता येत नाय, काका. खड्ड्यात गाडी आपटली तर?"

काका हसले. "तुला गाडीवरूनच नेली ना दवाखान्यात, दुखायला लागलं तवा? तवा हा पोटात होता. तवा काय झालं?"

ते खरंच होतं. आमच्या गावाहून किन्हवलीपर्यंत दुसरं काही मिळालं नव्हतं, म्हणून बाबांनी तिला काकांच्या गाडीवर बसवलं होतं आणि आई मागं तिला धरून बसली होती. तरी ताई गाडीवर बसली नाही. एसटीची वाट बघत बसली, उशिरा का होईना गेली, आणि सुई देऊन आली. आई दोन दिवस म्हणत होती, "हिनं जगावेगळं पोर काढलंय."

घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. रोज शहापूरला जाते. त्यामुळं कुठलाही वाद झाला की सगळे माझ्याकडं बघतात, आणि मी बोलायला लागले की दुसरीकडं बघतात. ताईचं मला पटत होतं. पण मला ते पटत होतं ते ती ताई आहे म्हणून, की खरंच बरोबर आहे म्हणून, हे तेव्हा नक्की सांगता आलं नसतं. मी लहान असताना बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसूनच वाढले. गावात सगळी पोरं तशीच वाढली. आमच्याकडं बाळ जन्मलं की ते दोघांच्या मध्ये गाडीवर असतं, आईच्या पदरात गुंडाळलेलं. त्यात काही चूक असेल असं ताईच्या आधी कोणाच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

बारसं तिच्या सासरी, टोकावड्याकडं करायचं ठरलं. आमच्याकडून बाळाला घेऊन सगळ्यांनी जायचं. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, मित्राची चारचाकी इको सांगितली होती. ताई त्यामुळं खुश होती. तिनं मला दोनदा सांगितलं, "तू खिडकीपाशी बस, मी मधी बसते त्याला घेऊन."

पण इको रिकामी होती ती बारशाच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी अमावस्या होती. आई म्हणाली, "अवसेला लेकरू शिवेपार न्यायचं नाय." ताईच्या सासूबाईंचा फोन आला, त्याही तेच म्हणाल्या. दोन्ही घरांत इतकं एकमत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दाजींनी मित्राला उद्या ये म्हणून सांगितलं. मित्र हो म्हणाला. लग्नसराईचे दिवस होते, आणि बारशाच्या सकाळी कळलं की इको पहाटेच वऱ्हाड घेऊन गेली.

दाजी गाडीवर आले. घामाघूम झाले होते, बिचारे. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. अंगणात काकांची, चुलतभावाची आणि शेजारच्यांची अशा तीन गाड्या आधीच उभ्या होत्या. दुपारी पाळणा होता आणि तिकडं पाहुणे यायला लागले होते.

ताई म्हणाली, "मी एसटीनं येते. तुमी व्हा पुढं."

"सकाळची एसटी आलीच नाय," बाबा म्हणाले. ते फाट्यावर जाऊन बघून आले होते.

"मग दुपारच्या एसटीनं."

"आणि पाळण्यात काय दगड ठेवायचा?" काका म्हणाले. सगळे हसले. ताईसुद्धा थोडी हसली, आणि तिथंच तिचं अर्धं बळ गेलं असं मला वाटलं.

दाजी रागावले नाहीत. ते रागावणारे नाहीत. त्यांनी बाळाकडं बघत सांगितलं, "मी सायकलीएवढी हळू चालवीन. तुला माजा भरोसा नाय का?"

"भरोसा तुमचा आहे. समोरून येणाऱ्या ट्रकचा कसा धरू?" ताई म्हणाली. मग आरशाकडं बोट करून म्हणाली, "ते हेल्मेट कशाला आणलंत?"

"सरळगावला पोलीस असतात म्हणून."

"म्हंजे तुमच्या डोक्याची काळजी पोलिसाला हाय. ह्याच्या डोक्याची कोणाला?"

आई माझ्याकडं वळली. "तू सांग गो हिला. तू शिकलेली हायेस ना?"

मी फोन काढला. आधीच शोधून ठेवलेलं एक पान होतं. एवढ्या लहान बाळाला दुचाकीवर नेऊ नये, त्याचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, मान कमजोर असते, धक्का सोसत नाही, असं त्यात होतं. मी ते वाचायला सुरुवात केली. मला मोठ्यानं वाचताना अडखळायला होतं. दोन ओळी झाल्या असतील.

"त्यात लिवलंय का एसटी कवा येनार ते?" काकांनी विचारलं.

या वेळी ताई हसली नाही. बाकीचे हसले. आणि मी थांबले. वाचत राहायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही. वाचलं असतं तरी एसटी आली नसती, हे काकांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग सगळेच बाळाची काळजी घ्यायला लागले. आईनं दाजींच्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. हँडलला काळा दोरा बांधला. बाळावरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. काकूनं आपलं जुनं मऊ लुगडं आणलं आणि बाळाला ताईच्या छातीशी घट्ट बांधून दिलं, वारं लागू नये म्हणून त्याच्या तोंडावरही एक पदर घेतला. बाबांनी गाडीची हवा बोटानं दाबून बघितली. यातल्या कोणालाही बाळाची कमी काळजी होती असं मी म्हणूच शकत नाही. प्रत्येकाची भीती वेगळी होती, एवढंच. ताईची भीती तेवढी त्यांना भीती वाटत नव्हती.

मावशी म्हणून मी बाळासोबत बसायचं ठरलं. दाजी, मध्ये ताई, मागं मी, आणि माझ्या मांडीवर लाडवांचा डबा. लिंबू चाकाखाली फुटलं तेव्हा आईनं कडाकडा बोटं मोडली.

दाजींनी शब्द पाळला. खरोखर हळू चालवली. किन्हवलीपर्यंत आम्हाला मागं टाकून काकांची गाडी निघून गेली, चुलतभाऊ ओरडून गेला, "दाजी, पाळण्यातून नेताय काय!" ताई एका हातानं बाळाचं डोकं मागून धरून होती आणि दुसऱ्या हातानं तोंडावरचा पदर थोडा वर उचलून धरत होती, श्वासाला जागा राहावी म्हणून. खड्डा आला की तिची पाठ माझ्या छातीवर आदळायची आणि ती पुन्हा पुढं सरकून बसायची. मला पाय ठेवायला नीट जागा नव्हती. डबा धरू की तिला धरू, हे कळत नव्हतं.

सरळगावला हमरस्ता लागला. तिथं दाजींनी हेल्मेट घातलं आणि पोलीस मागं पडल्यावर पुन्हा आरशाला अडकवलं. घाटाकडून ट्रक येत होते. एक इतका जवळून गेला की गाडी वाऱ्यानं बाजूला ढकलली गेली आणि माझ्या डोळ्यांत धूळ गेली. ताईनं पदर उचलून आत बघितलं आणि ओरडली.

"थांबा! थांबा, हलत नाय हा!"

दाजींनी गाडी बाजूला घेतली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, तो मी बघितला. आम्ही रस्त्याच्या कडेला लुगडं सोडलं. बाळाचे गाल लाल झाले होते, केस घामानं चिकटले होते. ताईनं त्याच्या तळव्याला टिचकी मारली. त्यानं तोंड वाकडं केलं, जांभई दिली आणि पुन्हा झोपला.

दाजी आधी खाली उकिडवे बसले. मग हसायला लागले. "झोपलाय गो. गाडीवर पोरं झोपतातच."

ताई रडत होती. मी पाण्याची बाटली पुढं केली, ती तिनं घेतली नाही. थोड्या वेळानं तिनं स्वतःच लुगडं बांधलं, काकूनं बांधलं होतं त्यापेक्षा सैल, आणि गाडीवर बसली.

ताईच्या घरी पोचलो तेव्हा मांडव भरला होता. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. "आला बघा राजा गाडीवरून!" त्या म्हणाल्या. काका आधीच पोचून चहा पीत होते. त्यांनी लांबूनच विचारलं, "काय, झालं का काय? काय नाय झालं!" आणि मांडवातल्या लोकांना ते सगळं हसत हसत सांगायला लागले, पुतणी कशी अडून बसली, लहानीनं फोनमधून कसं वाचून दाखवलं. लोक माझ्याकडं प्रेमानंच बघत होते. एका बाईनं ताईला म्हटलं, "पयलं पोर असलं की असंच होतं. दुसऱ्याला सगळं इसरशील."

बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या. मग ताई बाळाला पाजायला आतल्या खोलीत गेली आणि मला बोलावलं. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"आता मला परत कदी बोलता यायचं नाय," ती म्हणाली.

"का?"

"पोचलो ना आपण नीट."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. नीट पोचणं म्हणजे बरोबर असणं नाही, असलं काहीतरी. मी बाळाच्या पायावरून हात फिरवत बसले.

ती म्हणाली तसंच झालं. पुढच्या सुया गाडीवरून झाल्या. जत्रा झाली, दोन लग्नं झाली, सगळं गाडीवरूनच. इको घ्यायची ऐपत नाही आणि एसटीचा भरवसा नाही, हे ताईलाही माहीत आहे. फोनवर मी विचारलं की ती म्हणते, "हळू चालवतात हे." आणि विषय बदलते.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडं दोन दिवस राहिले. बाळ आता बसतं, धरून उभं राहतं. निघताना दाजी म्हणाले, फाट्यापर्यंत सोडतो.

"चालत जाईन, दाजी. लांब नाय."

"ऊन बघ केवढं हाय. आणि ह्याला रोजची फेरी पायजे, नायतर जेवत नाय."

गाडी बघताच बाळानं दोन्ही हात वर केले होते. दाजींनी त्याला पुढं टाकीवर बसवलं. ते टाकीवर थापट्या मारत तोंडानं भुर्र करायला लागलं. मी घ्यायला गेले तर मागं वाकून, लाल होऊन असं किंचाळलं की मीच हात काढून घेतला. सासूबाई ओट्यावरून हसल्या, "मावशी नको त्याला, गाडी पायजे!"

ताई दारात उभी होती. ती दाजींना काही बोलली नाही. मला म्हणाली, "मागं बस आणि हात पुढं घाल."

मी हात पुढं घातला. दाजींच्या अंगावरून तो बाळापर्यंत पुरत नव्हता. झबल्याचं टोक तेवढं चिमटीत आलं, ते धरून बसले.

फाट्यावर मी उतरले. दाजींनी गाडी वळवली, एक हात बाळाच्या पोटावर, एक हँडलवर, आणि बाळानं मला टाटा केला. ते वळणाआड गेले तसा ताईचा फोन आला.

"निघाले का?"

"निघाले."

पण आम्ही दोघींनी फोन ठेवला नाही. माझी एसटी आली, मी चढले, कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं, मी बोटानं पुढं दाखवलं. तिच्या बाजूला कोंबड्या ऐकू येत होत्या, सासूबाई कोणाला तरी हाक मारत होत्या. मग लांबून गाडीचा आवाज आला, जवळ आला, बंद झाला.

"आले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.