गोळासरांचे पाठकोरे कागद

मुलांनो, परवा थोरलीने फोनवर विचारले, "आजी, क्षेत्रसमीकरण हा शब्द तुला कसा ठाऊक?" मी विषय बदलला. त्याचे उत्तर मी पन्नास वर्षे टाळत आले आहे. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी लिहून टाकते.

गोळासर काहीही लिहायच्या आधी कागदावर फुलपात्र उपडे घालून एक वर्तुळ काढीत. ते वर्तुळ म्हणजे त्यांचा तारा. मुलांनी त्यावरून नाव पाडले आणि सर त्या नावाला ओ देऊ लागले. शेवगावच्या आमच्या हायस्कुलात ते गणित शिकवीत, मी इंग्रजी. आमचे शिपाई गणपतमामा पाणी ठेवता ठेवता हटकून विचारीत, "सर, लई दिस झालं. गोळा अजून कच्चाच हाय व्हय?" सर मान वर न करता म्हणत, "वरून पिकलाय मामा. आतून बघतोय."

ते खरेच आतून बघत होते. ताऱ्याच्या बाहेर रिकामी जागा असते, तिथली सापेक्षतेची समीकरणे, म्हणजे क्षेत्रसमीकरणे, कधीच सुटली होती. सरांना ताऱ्याच्या आतली सोडवायची होती. "बाई, बाहेर काही नसतंच, म्हणून ते सोपं," ते मला सांगत. "आत वस्तू आली की भार आला, दाब आला. समीकरणं तीन आणि अज्ञातं चार. एक आपण मानायचं, आणि मानलेलं शेवटपर्यंत निभवायचं." दाब पृष्ठभागावर बरोबर शून्य व्हायला हवा आणि आत केंद्रापर्यंत कुठेही शून्याखाली जाता कामा नये, एवढे मलासुद्धा पाठ झाले होते.

सर पाथर्डीकडच्या एका कोरडवाहू शेतकरी घरातले. कोरा कागद वापरायला त्यांचा हात धजत नसे. परीक्षा विभागाचे कपाट माझ्या ताब्यात होते. त्यातून ते जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे विचारून नेत. मुलांनी पाठकोरी सोडलेली पाने त्यांना पुरत. मला वाटे, ती पाने ते गठ्ठ्यातून काढून घेतात आणि ती त्यांच्या खोलीवर साठत असतील. पण शाळेचा कागद शाळेतच राहावा म्हणून ते लिहून झालेला गठ्ठा त्याच सुतळीने बांधून पुन्हा जागच्या जागी ठेवीत. हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मी कधी पान उलटले नाही.

दोन वर्षांनी उत्तर आले. मी त्यांचा लेख शाळेच्या टाइपरायटरवर इंग्रजीत टाइप करून दिला. त्या यंत्रावर गणिताची चिन्हे नव्हती, म्हणून मी जागा सोडी आणि सर शाईने भरत. लेख रजिस्टर पोस्टाने परदेशातल्या एका मासिकाकडे गेला.

मग दुष्काळाचा उन्हाळा आला. सरांना पाथर्डीकडे खडी फोडण्याच्या कामावर हजेरी घ्यायला धाडले. इकडे शाळेची तपासणी जवळ आली. जुन्या उत्तरपत्रिका वर्षानंतर जाळायच्या असा नियम होता आणि मी नियमाला पक्की. गणपतमामांनी गठ्ठे मागच्या पटांगणात नेले. मी यादीवर एकेक खूण करीत उभी होते.

जूनमध्ये सर परतले तेव्हा मासिकाचे पत्र येऊन पडले होते. लेख आवडला आहे, पण केंद्रापाशी दाब शून्याखाली जात नाही हे कसे काढले ते सविस्तर कळवा, असे त्यात होते. सर हसतच कपाटाकडे आले. खालचा कप्पा स्वच्छ पुसलेला होता.

"बाई, मागच्या वर्षीचे गठ्ठे?"

मी म्हटले, जाळले. कशाला हवे होते, तेही मी विचारले. त्यांनी सांगितले.

ते बाकावर बसले. माझ्याशी ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी म्हणाले, "तुमचं काय चुकलं न्हाई, बाई. नियमच हाय त्यो."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ऑगस्टात त्यांना कावीळ झाली. कामावरचे पाणी बाधले असे डॉक्टर म्हणाले. मी एस.टी.ने नगरच्या दवाखान्यात गेले तेव्हा त्यांचे डोळे हळदीसारखे झाले होते. उशीखाली कागद होते. ते म्हणाले, "पृष्ठभागापासून निम्म्यापर्यंत आलोय. मध्यापर्यंत जायचंय." मी माफी मागायची म्हणून गेले होते. मोसंबी सोलून दिली आणि परत आले. चौथ्या दिवशी ते गेले.

काविळीच्या रोग्याचे काही ठेवायचे नसते, असे कुणी तरी त्यांच्या भावाला सांगितले. त्याने अंथरुणाबरोबर ते कागदही जाळले. त्याला बोलायला मला तोंड नव्हते.

मासिकाला मी कळवले. दुःख व्यक्त करणारे त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले, लेख छापून आला नाही. गठ्ठ्यांबद्दल मी कुणाला सांगितले नाही, तुमच्या आजोबांनासुद्धा नाही.

माझ्या कपाटात लेखाची कार्बन प्रत आहे. शाईने भरलेले कार्बनवर उतरले नव्हते. अकरा पानांवर माझी इंग्रजी वाक्ये आहेत आणि समीकरणांच्या जागा कोऱ्या आहेत.