टाकीत आधी कोण आहे?

कोपरीतला रंगीत माशांचा दुकानदार मासा दाखवण्याआधी विचारतो, "टाकीत आधी कोण आहे?" माझ्याकडे त्याच्याकडूनच नेलेले, बोटाच्या पेराएवढे बारा निऑन मासे होते. म्हणून त्याने मला नाइफ फिश दिला नाही. "गिळून टाकेल सगळ्यांना." मी चिडून तो घोडबंदर रोडवरच्या दुसऱ्या दुकानातून आणला.

पंधरा दिवसांनी त्याच्याकडे पुन्हा निऑन मागितले. त्याने ते पिशवीत घेतले, मनगटावरचा रबर काढला आणि थांबला.

"जुने कुठे गेले?"

"मेले."

"सगळे? एक तरी मेलेला दिसला का, साहेब?"

त्याने रबर पुन्हा मनगटात चढवला, मासे टाकीत सोडले आणि रिकामी पिशवी माझ्या हातात दिली.

"पहिलं त्याला इकडे घेऊन या."