आप्पांनी माग थांबवले, माझी टेस्ट पास झाली

मंडळी, आज मी स्वतःला चांगलंच अडकवून घेतलंय.

वडगावात आमच्या घरी माडीवर मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. खाली आप्पांचे, म्हणजे वडिलांचे, यंत्रमाग. आमच्या टेस्ट आपोआप चालतात आणि तेवढ्या वेळात कोडनं किती वीज खाल्ली, ते प्लगला लावलेला मीटर मोजतो. वीज जास्त, तर टेस्ट नापास.

सकाळपासून नापासच. मागांमुळं व्होल्टेज पडतं, त्याच प्लगवरचा माझ्या कॉम्प्युटरचा यूपीएस बॅटरीवर जातो आणि ती बॅटरी परत भरायची वीजही माझ्याच कोडच्या नावावर.

शेवटी आप्पांना म्हटलं, "थोडा वेळ माग थांबवता काय?"

अमावस्या सोडली तर आमचे माग थांबत न्हाईत. आप्पांनी एकेक करून सगळे थांबवले. शेजारची आक्का धावत आली, "काय झालं रं? कोण गेलं काय?"

टेस्ट पास! मी लई खूश. तेवढ्यात मॅनेजरचा मेसेज: "उत्तम! आजचा आकडा हीच आता मर्यादा. उद्यापासून रोज याच्या आतच."

खालनं आप्पांची हाक आली, "झालं नव्हं रं तुझं? करू सुरू?"

"व्हय," म्हटलं.

माग खडखडायला लागलेत. उद्या मी कुणाला काय सांगू, तुम्हीच बोला.