शिवकन्याचं सासरचं नाव

आमचे मालक तातेराव आष्टीच्या शाळेत शिपाई होते. तीस वर्षांत शेकडो पोरं त्यांनी नावानिशी ओळखली. सख्ख्या बहिणीचं सासरचं नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

शिवकन्याचं लग्न १९८४ साली गावातच झालं. मुलगा सुरतेच्या गिरणीत होता. मांडवात मानपानावरून यांची व्याह्यांशी जुंपली आणि हे उठून शेतात निघून गेले. मागे ताटातल्या तांदळात नवरीचं नवीन नाव लिहिलं गेलं, ते यांनी पाहिलं नाही. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. पुढेही विचारलं नाही. माहेरात सगळे शिवकन्याच म्हणत. सासूबाई वारल्यावर येणंजाणं तुटलं. नंतर हे सुरतेला गेले, तर गिरणी बंद आणि चाळ पाडलेली.

२००८ साली, निवृत्त झाल्यावर, बहिणीला शोधायला परतूरला संपतच्या इंटरनेट कॅफेत यांच्या खेपा सुरू झाल्या; मीही सोबत असायची.

"काका, पाव्हण्याच्या नावाचे शंभर जण निघून राह्यले. आत्याचं सासरचं नाव सांगा."

"शिवकन्याच की."

"ते इथलं झालं."

मी म्हटलं, "तवा रुसून गेले नसते, तर आज ह्या लेकराचं डोकं खाल्लं नसतं."

संपत हसला. "पुढचं इंटरनेट येऊन राह्यलं, काकू. आत्ता ते नुसते अक्षरं जुळवतं. मंग त्याला अर्थ समजंल, नातं समजंल. नाव बदललं तरी बाई तीच, हे मशीनच जोडीन."

"म्हंजे सापडंल?" यांनी विचारलं.

"कोणी कुठं लिहिलं असंल तर. न लिहिलेलं त्याला कसं कळंल?"

हे म्हणाले, "मंग आपणच लिहू. शिवकन्या, गाव आष्टी, आई गिरिजाबाई, भाऊ तातेराव. अन् भाऊ मांडवातून उठून गेल्ता, हे बी लिही."

संपतनं ते सगळं इंटरनेटवर टाकलं. अकरा महिन्यांनी सुरतेहून भाच्याचं उत्तर आलं. आजीचं नाव आणि मांडवातली गोष्ट वाचून त्याने ओळखलं होतं. आई मार्गशीर्षात गेली. तिचं नाव पुष्पा. दर भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची.

संपत हळूच म्हणाला, "काका, आपलं लिहिलेलं काढून टाकू का?"

"न्हाई. त्याच्याखाली लिही, शिवकन्या म्हणजेच पुष्पा."

बसमध्ये यांनी मला विचारलं, "पुष्पा म्हणून हाक मारली असती, तर तिनं मला ओ दिली असती का गं?"