गावदेवीपुढचा होकार

निजामपुऱ्यातल्या आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचं म्हणजे शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवायचा. त्या दिवशी मी अकरावीच्या मुलींना युरोपातल्या जुन्या विचारवंतांबद्दल सांगत होते. राजाला देव नेमत नाही, राज्य लोकांच्या संमतीने चालतं, हे त्यांनी ठासून मांडलं आणि आपली निवडणूक त्याच वाटेने आली, वगैरे. त्यांच्यातला एक जण असंही म्हणे, की जो देशात राहतो, तिथल्या रस्त्याने चालतो, त्याची मूक संमती धरावी. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “मॅडम, कोणी विचारलंच नाही म्हणून गप्प बसलं, तर ती हां कशी झाली?” रिक्षात बसल्यावरही तिचा प्रश्न डोक्यातून जाईना.

कारण संध्याकाळी गावात बैठक होती. कशेळीपलीकडच्या आमच्या गावात सरपंच मतपेटीतून येतच नाही. आधी गावदेवीच्या देवळात नाव ठरतं, हरकत नसली की नारळ हातात देतात आणि दुसरं कोणी अर्ज भरत नाही. देवीपुढे घेतलेला नारळ परत करायची कोणाची छाती नाही. यंदा जागा बाईची होती आणि थोरल्या दिरांनी आपल्या बायकोचं, म्हणजे माझ्या जाऊबाईंचं नाव पुढे केलं होतं. जाऊबाईंना अन्न गोड लागत नव्हतं. गावभर गोदामं. परवानगीवर सही त्यांची, कारभार दिरांचा, आणि उद्या एखादं छप्पर माणसांवर कोसळलं तर पोलीस सहीवालीच्या दारात येणार.

बाईचा नारळ तिच्या नवऱ्याने घ्यायचा, या रीतीप्रमाणे तो दिरांच्या हातात जाणार होता. बायका मागे ओट्यावर बसल्या होत्या. माझा संताप अनावर झाला. मी उभी राहून म्हटलं, जिला सरपंच करताय तिला तरी विचारा. सगळ्या माना वळल्या. गावचे म्हातारे पुढारी जाऊबाईंकडे वळून म्हणाले, “तुला मान्य हाय का गो?”

समोर नवरा, पोटचे मुलगे, सारं गाव. जाऊबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि “हाय” म्हणाल्या. नारळ त्यांच्या हातात आला. मास्तरीणबाईंनी चांगली पद्धत पाडली, असं कोणीतरी म्हणालं आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

घरी आल्यावर जाऊबाई भाजी निवडायला बसल्या. निवडता निवडता त्यांनी सांगितलं. अर्जाच्या दिवशी त्या गुपचूप माहेरच्या गावी, अंबाडीला, जाणार होत्या. सहीशिवाय अर्ज होत नाही. शब्द दिरांनी दिलेला, देवीला जबाब दिरांनीच दिला असता. एवढं सगळं मनात योजून त्या गप्प बसल्या होत्या. त्यांना नको आहे हे मला ठाऊक होतं. मग त्यांनी काय ठरवलंय, हे घरात विचारायचं सोडून मी भर देवळात विचारायला लावलं.

“मी गप होते तवर नारळ त्यांचा होता,” जाऊबाई म्हणाल्या. “आता माझा हाय. जाईन मी सही कराया.”