कार्ड कोणी हरवलं?

न्हाव्याच्या पोटात जितक्या गोष्टी साठतात, त्याच्या दुप्पट अर्जनवीसाच्या पोटात साठतात. न्हाव्याला गिऱ्हाईक खरं काय ते सांगून मोकळं होतं. आम्हाला आधी खरं सांगतं, मग "आता ऑफिसात चालेल असं लिहा" म्हणतं. ऑफिसात चालेल ते कागदावर जातं आणि खरं ते आमच्याकडेच पडून राहतं.

मी कर्जतला अर्ज लिहायचो. रेशनिंगच्या ऑफिसाबाहेर ओट्यावर माझी सतरंजी, पुढ्यात लाकडी पेटी, दौत आणि टाक. लढाईत रेशन सुरू झालं आणि लढाई संपली तरी ते काही संपेना. धान्य, साखर, रॉकेल, सगळं कार्डावर. ज्याचं कार्ड हरवलं तो डुप्लिकेटच्या अर्जासाठी माझ्या सतरंजीवर येऊन बसायचा.

तुम्हाला ते किस्से ऐकून हसू येतं. हसा खुशाल! मला मात्र या वयातही ते आठवलं की कानशिलं तापतात.

*

ऑफिसाचे हेडक्लार्क होते, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. माणूस वाईट नव्हता. लाच घेत नसे. तिथंच तर सगळा घोळ होता. लाच घेणारा निदान काम तरी करतो!

एकदा आमच्या पेठेतला सोनार आला. कार्ड हरवलं म्हणून रीतसर अर्ज, खाली सही. भाऊसाहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "जुनं कार्ड कुठाय?"

"हरवलंय."

"जुनं जमा केल्याशिवाय नवं देता येत नाही. रूल आहे."

"अहो, हरवलंय म्हणून तर आलोय!"

"मग सापडल्यावर या."

"सापडल्यावर मला नवं कशाला लागेल?"

भाऊसाहेबांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, "तेच तर मी म्हणतोय! शोधा, म्हणजे अर्जच करावा लागणार नाही."

सोनार बाहेर येऊन माझ्यावरच उखडला, जणू रूल मी केला होता.

*

दुसरा रूल ओळखीचा. अर्जदार तोच माणूस आहे, हे कार्ड असलेल्या दोघांनी येऊन सांगायचं. लांबच्या गावचा माणूस, त्याला कर्जतात कोण ओळखणार? तो बिचारा बाजारात लोकांच्या तोंडाकडे बघत हिंडायचा, कुणी ओळखीचं भेटतंय का म्हणून.

एक दिवस टांगा थांबला आणि भाऊसाहेबांचे खुद्द सासरे उतरले. म्हातारबुवांचं कार्ड धोतरासकट धुतलं गेलं होतं. आम्ही ओट्यावरचे सगळे कान टवकारून बसलो.

आतून आवाज आला, "मामा, तुम्ही म्हणजे तुम्हीच, याला दोन ओळखदार लागतील."

"जावईबापू, तुम्ही मला ओळखत नाही?"

"घरी ओळखतो. इथं मला कसं ओळखता येईल?"

म्हातारा काठी आपटत बाहेर आला. दारात वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोरगी दिली तेव्हा दोन ओळखदार मी मागायला हवे होते!"

*

शिळफाट्याच्या एका बाईनं लक्ष्मीपूजनाला पाटावर तांदूळ मांडले आणि त्यावर कार्ड ठेवलं. आता तुम्हीच सांगा, त्या दिवसांत घरातली लक्ष्मी दुसरी कोण होती? कार्डाला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर फुलानं पाणी शिंपडलं. शिक्का होता तिथं लालभडक डाग. दुकानदारानं कार्ड परत केलं, आणि बाई ते घेऊन ऑफिसात आली.

भाऊसाहेबांनी कार्ड दोन बोटांत धरलं. "शिक्क्यावर लाल शाई! बाई, लाल शाई फक्त साहेब वापरू शकतात. ही खाडाखोड धरली जाईल."

"शाई नाय वो, कुकू हाय."

"कुंकू लावायचं कारण?"

बाईनं कार्ड त्यांच्या बोटांतून काढून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या शिक्क्याला देव समजले, साहेब. येडी मी!"

ती ओट्यावर येऊन बसली, पण मला काही तिचा अर्ज लगेच लिहिता येईना. रागाच्या भरात मी टाकाचं टोकच मोडून ठेवलं होतं.

*

आता गोमाजीचं ऐका. बाकीचे किस्से तोंडी लावायला.

गोमाजी लोधिवलीचा. भातशेतीवाला, साठी उलटलेला, काटक. घरात तो आणि त्याची बायको ठकूबाई, दोघंच. मुली सासरी. त्यांचं कार्ड ठकूबाई भाताच्या कणगीत खुपसून ठेवायची. दाण्याचा कागद दाण्यात, एवढा सरळ हिशेब.

त्या वर्षी लेव्हीवाले गावात आले. पिकलेल्या भातातला सरकारचा वाटा न्यायला. गोमाजी रानात होता. दोन हमालांनी कणगी पोत्यांत उपसायला सुरुवात केली, तशी ठकूबाई ओरडली, "आरं थांबा रं! आत कारड हाय आमचं!"

"बाई, बाजूला व्हा. सरकारी काम आहे," असं म्हणून त्यांनी पोती शिवली, गाडीत घातली आणि नेली.

म्हणजे बघा! भात सरकारनं नेलं, आणि भात संपल्यावर धान्य ज्याच्यावर मिळायचं ते कार्डही सरकारनंच नेलं!

गोमाजी माझ्याकडे आला. मी अर्ज लिहिला, जसं घडलं तसा. भाऊसाहेबांनी तो तसाच परत पाठवला. 'कार्ड सरकारी गोदामात गेले' हे वाक्य चालणार नाही. छापील नमुन्याप्रमाणे 'अर्जदाराच्या निष्काळजीपणामुळे कार्ड गहाळ झाले' असंच पाहिजे.

मी नमुना उतरवला आणि गोमाजीला वाचून दाखवला. अंगठ्याला शाई लावली होती. त्यानं तो अंगठा धोतराला पुसला.

"निष्काळजी कोन? मी?"

"गोमाजीबाबा, लिहायची पद्धत आहे ती. सगळेच लिहितात."

"सगळ्यांनी हरवलं आसंल, म्हनून लिवलं. मी नाय हरवलं. तुमी लिवा, कारड सरकारनं हरवलं. मंग ह्यो अंगठा, ह्यो बी अंगठा, पायाचा बी देतो!"

"तसं घेणार नाहीत ते."

"मंग मेलो तरी अंगठा देनार नाय."

आणि उठून चालायला लागला. लोधिवली काय जवळ आहे? पण गेला तरातरा.

*

गंमत कुठं आहे सांगू? लेव्हीचं गोदाम म्हणजे आमच्या ऑफिसाचीच मागची बाजू. एकच इमारत, मध्ये भिंत. गोमाजीची पोती भाऊसाहेबांच्या खुर्चीमागेच पडलेली!

हे कळल्यावर गोमाजी गोदामवाल्याकडे गेला. पोत्यांवर नावाच्या चिठ्ठ्या होत्या. एक पोतं उसवायचं, हात घालायचा, कार्ड काढायचं. पानाला चुना लावायलाही जास्त वेळ लागतो.

गोदामवाला म्हणाला, "भाऊसाहेबांचा हुकूम आणा." भाऊसाहेब म्हणाले, "पोतं सीलबंद आहे. कार्ड गोदामात असल्याचा उल्लेख असलेला अर्जच माझ्याकडे नाही, तर सील कोणत्या कारणानं तोडू?"

उल्लेख होता तो अर्ज यांनीच परत पाठवला होता! मी खिडकीतून तसं ओरडून सांगितलं. तेव्हा मला ओट्यावरून उठवायची धमकी मिळाली.

नंतर गोदामातली पोती खोपोलीकडे गेली आणि कार्डही गेलं. शिपायानं गोमाजीची समजूत घातली, "बाबा, जाऊ द्या. एव्हाना उंदरांनी खाल्लं असेल."

गोमाजी म्हणाला, "म्हंजी माझं रेशन चालू हाय म्हन की! फकस्त उंदरानला मिळतंय."

*

श्रावणात झेंडा बदलला. ऑफिसावर तिरंगा चढला, शाळेतल्या मुलांना पेढे मिळाले, भाऊसाहेबांच्या काळ्या टोपीच्या जागी पांढरी आली. टोपीखाली सगळं जिथल्या तिथं!

गोमाजी त्या आठवड्यात मुद्दाम आला. कणगी तोवर रिकामी झालेली. शेजारपाजारचे पसा-पसा देत होते, पण शेजारी तरी किती देणार? तो सरळ आत गेला.

"साहेब, आता सरकार आपलंच हाय नव्हं?"

"हो, अर्थात!"

"मंग आपलं मानूस म्हनून इचारतो. कारड कुनी हरवलं?"

भाऊसाहेबांनी टोपी सारखी केली. म्हणाले, "नमुना अजून जुनाच आहे."

*

मग एकदा ठकूबाई एकटीच आली. नवऱ्याला न सांगता. सतरंजीच्या कडेला बसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "लिवा दादा. निष्काळजी लिवा. काय वाट्टंल त्ये लिवा. त्यांना ताप येतोय रोज, आन् मी पेजंत पानी वाढवत चाललेय."

मी लिहिलं. तिचा अंगठा घेतला. तिच्याबरोबर स्वतः आत गेलो.

भाऊसाहेब म्हणाले, "अंगठा कुटुंबप्रमुखाचा लागेल."

मी त्या दिवशी त्यांना काय काय बोललो, ते इथं सांगण्यासारखं नाही. घरी येऊन जेवलोही नाही. बायको म्हणाली, "इतका राग येतो तर त्यांचे नमुने उतरवता कशाला?" दुसऱ्या दिवशी घरातले थोडे तांदूळ लोधिवलीला पाठवले. गोमाजीनं निरोप धाडला, "तांदूळ पावले. दादाला म्हनावं, त्यो कागद फाडून टाक."

आश्विनात तो तापानं गेला. भुकेनं गेला असं मी म्हणत नाही. पण अंगात चार दाण्यांची ताकद असती, तर त्या तापाची काय बिशाद होती?

*

दहाव्याला मी लोधिवलीला गेलो. नदीकाठी पिंड ठेवला. सगळे मागे सरकून उभे राहिले. समोर उंबरावर कावळा होता. बघत होता, पण खाली येईना.

पुतण्या पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "काका, काकीला मी सांबाळीन." कावळा हलला नाही. थोरली मुलगी म्हणाली, "बाबा, म्हस इकनार नाय." नाही. जावई म्हणाला, कुळदैवताला जाऊन येऊ. नाही म्हणजे नाहीच! ऊन चढलं. भटजी चुळबुळायला लागले, म्हणाले, दर्भाचा कावळा करू आणि शिववू.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आरं, कारडाचं बोला की!"

कावळ्यानं मान वळवली. मी माझ्या डोळ्यांनी बघितली!

आता योग असा की भाऊसाहेब त्याच दिवशी गावात होते. कार्डं तपासायला आले होते, चावडीवर बसले होते. चार जण गेले आणि त्यांना घेऊनच आले. नाही म्हणायची सोय नव्हती. अख्खा गाव काठावर उभा. भाऊसाहेबांनी वहाणा काढल्या, टोपी काढून हातात घेतली आणि पिंडाकडे बघून म्हणाले, "गोमाजी, कार्ड उद्या देतो."

कावळ्यानं पाठ फिरवली.

कुणीतरी फिसकन हसलं. भाऊसाहेब घाईघाईनं म्हणाले, "आजच देतो. आत्ता चावडीवर लिहून देतो. अंगठा नको, नमुना नको."

कावळा तसाच.

तेव्हा ठकूबाई पुढं आली. डोळ्याला पाणी नव्हतं तिच्या. म्हणाली, "साहेब, कारडासाठी नाय आडलं त्यांचं. त्यांनी तुमाला येकच इचारलं व्हतं. त्येवढं सांगा."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. सवयीनं बघितलं असेल, मी काहीतरी चालेल असं वाक्य जुळवून देईन म्हणून. मी म्हटलं, "भाऊसाहेब, याला नमुना नाही. तुमचं तुम्हालाच बोलावं लागेल."

भाऊसाहेबांनी हातातली टोपी उलटसुलट केली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "कार्ड गोदामात गहाळ..."

"कुनी?" ठकूबाई म्हणाली.

"आम्ही. गोमाजी, तुमचं कार्ड आम्ही हरव..."

त्यांचा शब्द पुरा व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.